एक खुर्ची करून दाखवा

नांदेड-लातूरकरांना खुर्चीचं महत्त्व कुणी सांगायला नको. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण, असे चार मुख्यमंत्री या दोन जिल्ह्यांनी दिले. १९८६ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये तर ती खुर्ची थेट लातूरकडून नांदेडकडे आली. आता आमची पोरं तासन्‌तास खुर्चीत बसून नीटची तयारी करतात. खुर्ची मिळवणं आम्हाला जमतं, तीत ठाण मांडणंही जमतं. ती करायची कशी, हे मात्र आमची शाळा विचारत नाही.

म्हणून एक सुचवतो. आठवीतल्या पाच-पाच मुलामुलींचे गट करा आणि प्रत्येक गटाकडून एक मजबूत खुर्ची करून घ्या. अट एकच: वर्षभर तिच्यावर मुख्याध्यापक बसतील.

बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर, पाठ जराशी मागे कललेली. लाकूड आपल्याकडची बाभूळ. बैलगाड्या आणि औतं तिचीच व्हायची, इतकी ती चिवट. पण ओली वापरली तर वाळताना आकसते आणि सांधे ढिले पडतात. खरा कस लागतो तो मागच्या पायाशी, बैठकीची आडवी पट्टी उभ्या पायात शिरते तिथं. खुर्ची बसणाऱ्यामुळे कमी आणि रेलणाऱ्यामुळे जास्त मोडते, कारण रेललं की सगळा जोर याच सांध्यावर येतो. पटाशीनं कोरलेल्या खाचेत पट्टीचं टोक हलक्या ठोक्यांनी बसलं पाहिजे. बोटानं ढकलून आत गेलं तर सैल. दणके घालावे लागले तर पाय चिरलाच म्हणून समजा. वरून खिळे मारून हे निस्तरत नाही. शेवटी बैठकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. समोरासमोरच्या पट्ट्या सारख्या असून कर्णही सारखे भरले, तर कोपरे काटकोनात. भूमितीत घोकलेलं इथं कामाला येतं.

पाय एकानं कापला, खाच दुसरीनं कोरली, सांधा मात्र दोघांचा. तो हलला तर गुण कुणाचे कापायचे? गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेत हा प्रश्न कधी येत नाही.

कल्पना माझी नव्हे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षणाचा आग्रह धरला. कोठारी आयोगानं कार्यानुभव सुचवला. बहुतेक शाळांनी तो कागदी फुलांत गुंडाळला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मात्र १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंगपासून शेतीपर्यंतची कामं स्वतःच्या हातानं करतात.

पालक विचारतील, “आमच्या पोराला काय सुतार करायचंय?” नका करू. पण नीट देऊन तो हाडांचा डॉक्टर झाला, तर ऑपरेशनच्या टेबलापाशी त्याच्या हातात करवत, हातोडी आणि ड्रिलच येणार आहे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवलेत, स्थानिक सुतारांकडे शिकण्याचा स्पष्ट उल्लेख करून. तेव्हा गावातल्या सुताराला वर्गात बोलवा. फक्त शाल-नारळावर बोळवण करू नका. शिकवणी वर्गाचा सर जेवढे घेतो, तेवढे त्याच्याही हातावर ठेवा.