छोटा छेद कोणाच्या छातीला?

हृदयातही गाठ होते, हे आपल्या वस्तीत सांगितले तर लोक हसतील. पण होते. क्वचितच होते. हृदयातच उगवणाऱ्या गाठींपैकी मोठ्या माणसांत सर्वांत जास्त आढळते ती मिक्सोमा. ती कॅन्सरची नसते. बहुधा हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात देठाने लटकत असते. रक्ताची वाट अडली की धाप लागते, माणूस चक्कर येऊन पडतो. गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा मारतो. यावर गोळी नाही, ऑपरेशनच लागते. ते १९५४ साली स्वीडनच्या डॉ. क्राफूर्ड यांनी प्रथम यशस्वी केले.

पूर्वी त्यासाठी छातीचे मधले हाड उभे कापावे लागे. आजही अनेकदा लागते. आता काही रुग्णांत उजव्या बाजूच्या फासळ्यांमधून लहान छेद घेऊन, जांघेतल्या रक्तवाहिन्यांना हार्ट-लंग मशीन जोडून गाठ काढतात. ते प्रत्येकाला चालत नाही आणि सरावलेले डॉक्टर हवेत, हे खरेच. पण त्याची जाहिरात कशी होते? व्रण दिसत नाही म्हणून!

सिंदखेडराजा-लोणारकडच्या मजूर बाईला व्रणाचे काय? हाड कापले की दोन-तीन महिने ओझे उचलता येत नाही. म्हणजे सोयाबीनची सोंगणी गेली, कापसाची वेचणी गेली. लहान छेदाने ती लवकर उभी राहिली तर तिची मजुरी वाचते. ज्याला खरी गरज त्यालाच ही सोय परवडत नाही, हा कुठला न्याय? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी कष्टकरी बाईच्या विश्रांतीचा भार मुख्यतः सरकारने उचलावा असे सांगितले होते. २०१७ पासून महात्मा फुल्यांचे नाव असलेल्या आरोग्य योजनेत हृदयाची ऑपरेशने आहेत, पण बुडालेल्या मजुरीचा एक पैसा नाही.

आणि ऑपरेशन तर पुढची गोष्ट. आधी गाठ सापडायला हवी. ती सापडते टू-डी इकोवर. सुई नाही, चिरफाड नाही. तो झाला नाही तर धाप म्हणजे दमा आणि चक्कर म्हणजे अंगात आले, असेच चालायचे. २०२४ मध्ये बुलढाण्यात सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले, आनंद आहे. पण कॉलेजची पाटी लागल्याने जळगाव जामोद-संग्रामपूरच्या माणसाचा इको होत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात आणि खामगावच्या सामान्य रुग्णालयात इको कोणत्या दिवशी होतो, तो वाचणारा डॉक्टर कोणत्या वारी हजर असतो, हे दारावरच्या फलकावर ठळक मराठीत लिहावे. नागपूर-संभाजीनगरला पाठवलेल्या हृदयरुग्णांपैकी किती जणांचे ऑपरेशन झाले आणि किती जण भाड्याअभावी घरीच राहिले, याचा हिशेब जिल्हा शल्यचिकित्सकांनी दर वर्षी जाहीर करावा. आपल्या कार्यकर्त्यांनी १४ एप्रिलच्या वर्गणीतून एक दिवसाचे इको शिबिर घेतले तर उत्तम, पण सरकारची जबाबदारी त्याने संपत नाही. हा फलक कधी लागणार, एवढेच आधी सांगा.