मुद्दल आणि तत्त्व

गेल्या रविवारी अमरावतीला बहिणीकडे गेलो होतो. भाची बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला बसते आहे. पुस्तक पुढं सरकवून म्हणाली, "मामा, तुम्ही तर बँकेतच आहात. सांगा बरं, या रिकाम्या जागी कोणतं प्रिन्सिपल?"

म्हटलं, "प्रिन्सिपल एकच. मुद्दल!"

निघाली दोन. शेवटी ए-एल असलं की मुद्दल आणि एल-ई असलं की तत्त्व. कानाला दोन्ही सारखीच. इतकी वर्षं काउंटरवर बसतोय, पण मुद्दलाऐवजी तत्त्व भरायला आलेला कर्जदार अजून पाहिला नाही.

पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न, वेळ २० मिनिटं. म्हणजे प्रश्नाला ४० सेकंद. तेवढ्यात आमच्या गिऱ्हाइकाची पिशवीची गाठसुद्धा सुटत नाही! चुकलं की पाव गुण कापला. भाची गेल्या खेपेस इंग्रजीत पाव गुणानंच राहिली. खुल्या वर्गाला वयाची अट २८. तिला सत्ताविसावं सरत आलंय.

इंग्रजी नकोच, असं मी म्हणत नाही. सर्क्युलर इंग्रजीत येतं. ते कळायलाच हवं. मग सर्क्युलर द्या आणि अर्थ विचारा ना! सारख्या आवाजाचे जुळे उभे करून 'ओळखा पाहू' कशाला?

२०२१ साली अर्थ मंत्रालयानं ही परीक्षा १३ प्रादेशिक भाषांतही घ्यायचं ठरवलं. गणित मराठीत सोडवता येऊ लागलं. पण मराठी येण्याचे गुण? ते कुठं आहेत? स्थानिक भाषेची अट आहे खरी, पण अट म्हणजे गुण नव्हेत.

आमच्या अकोल्याच्या काउंटरवर रोज पेपर असतो. खेड्यातला म्हातारा विचारतो, "भाऊ, माया चेक वटला काय?" योग्य अर्थ निवडा : माया म्हणजे (अ) ममता, (आ) भ्रम, (इ) माझा. बाहेरून बदलून आलेला साहेब पहिला आठवडाभर गोंधळतो. भाची चार सेकंदांत (इ) सांगेल, आणि चेक का वटला नाही हेही म्हाताऱ्याला समजेल असं सांगेल. बँकेला माणूस हवा तो हाच ना?

माझं भाषण भाचीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग पेन्सिल उचलून म्हणाली, "ते खरं आहे मामा, पण मंग टिक कशावर करू?"

म्हटलं, "ए-एलवर कर बाई. आधी मुद्दल हाती येऊ दे, तत्त्वाचं मग पाहू."