हरीण कोणाचे?

देवासला मी गेलो तो कुमार गंधर्वांपायी. टेकडीच्या पायथ्याचे 'भानुकुल' पाहिले, हात जोडले. नंतर गावाबाहेर एका शेतकऱ्याशी गाठ पडली. रात्रभर जागून तो काळविटांपासून सोयाबीन राखत होता. म्हणाला, "हे खातात, आम्ही बघतो. दगड मारायचीसुद्धा भीती."

धार आणि देवास ही पवारांची मराठी संस्थाने. संस्थानी काळात शिकार राजाची. रयतेने हाकारे घालायचे. देवासचे तुकोजीराव ज्यांचे जावई, त्या कोल्हापूरकरांकडे काळविटांमागे चित्ते सोडत. त्यांचेच दाजीपूरचे शिकारीचे रान १९५८ साली अभयारण्य झाले. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. रानातले जनावर आता सरकारी मालमत्ता. हरणे पाळून त्यांचे मांस विकायलाही आपल्याकडे वाव नाही.

यावर काहीजण दक्षिण आफ्रिकेचा दाखला देतात. तिथे १९९१ च्या कायद्याने, नीट कुंपण घातले तर आतल्या जनावरांवर जमीनमालकाचा हक्क मानला जातो. तो शिकारीचे पैसे घेतो आणि जनावरे राखतो. उलट अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात २००० साली लोकांनीच मतदान करून पैसे घेऊन कुंपणात करू दिलेली शिकार बंद केली. पाळलेल्या कळपातला रोग रानात जाईल ही धास्ती होतीच, आणि पळायला जागाच नसेल तर ती शिकार कसली, हाही प्रश्न होता.

मला मोंटानाचे पटते, पण माझे कारण थोडे वेगळे आहे. कुंपण घालण्याइतकी जमीन असते कोणाकडे? दोन-चार बिघेवाल्याकडे नक्कीच नाही. म्हणजे पुन्हा नवे राजे आणि जुनेच हाकारे. शिवाय पाळलेल्या हरणाचे मांस बाजारात आले, की चोरून मारलेले त्यात सहज खपेल.

मग उपाय काय? देवासशेजारच्या शाजापूर जिल्ह्यात २०२५ च्या ऑक्टोबरात हेलिकॉप्टर लावून काळविटे न मारता पकडली आणि दूरच्या रानांत सोडली. चांगले झाले. पण प्रत्येक शेतावर हेलिकॉप्टर येणार नाही.

आपल्याकडेही २०१६ साली रानगव्याला, अगदी मोरालाही उपद्रवी ठरवण्याची चर्चा झालीच होती. रानगवा म्हणजे आपला राज्यप्राणी! पण ज्याचे कुळागर एका रात्रीत तुडवले गेले, त्याला हा विनोद वाटत नाही.

मी सरकारी कारकून. नुकसानभरपाईचे अर्ज माझ्याही टेबलावरून गेले आहेत. 'कागदपत्रे अपुरी' असा शेरा मीही मारला आहे, आणि तो मारताना पलीकडचे रात्रीचे जागरण मला कधी दिसले नाही. ते देवासला दिसले.

शेजाऱ्याचा बैल आपल्या शेतात शिरला, तर आपण शेजाऱ्याकडे भरपाई मागतो. हरीण सरकारचे असेल, तर ते जे खाते तो हिशेबही सरकारचाच, आणि तो पुढच्या पेरणीआधी चुकता व्हायला हवा. एवढे झाले, तर बंदूक आणि कुंपण दोन्ही मागणारे कमी होतील.

असो. त्या शेऱ्याआधी आता मी अर्जदाराला एकदा फोन करतो.