चेसिसचा नंबर

फुलसावंगी गावात बोटी नाहीत, पण जुने ट्रॅक्टर आहेत, आणि त्यांची सगळी ओळख चेसिसवरच्या नंबरात. विक्रीच्या वेळी त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची आणि उमटलेले अंक फॉर्मला चिकटवायचे. वर काळ्या मातीचा थर, खाली गंज. आठ आहे की तीन, यावरच घोडं अडतं. बोटींची ओळखही अशीच: अमेरिकेत १९७२पासून बोटीच्या मागच्या अंगाला बारा अक्षर-अंकांचा नंबर असतो. १९८४पासून त्याची एक प्रत बोटीतच दडवूनही ठेवतात. हे शहाणपण मला आवडलं. आपल्याकडे मात्र नंबर वाचता येईना, की ‘आणा इकडं, नव्यानं पंच मारून देतो’ म्हणणारा भेटतोच. त्याला लांबूनच नमस्कार करावा आणि आधी आरटीओची लेखी परवानगी काढावी. कारण घासून टाकलेला मूळ नंबर प्रयोगशाळेत आम्ल लावून बरेचदा पुन्हा वाचता येतो, आणि मग चोरीचा संशय मालकावरच.