भूल कोण देणार, हे आधी विचारा

सुगी उरकली की तालुक्याच्या दवाखान्यांत हर्निया, पित्ताचे खडे, गर्भपिशवी अशा ऑपरेशनांची गर्दी होते. सर्जन कोण, खर्च किती, महात्मा फुले योजनेत बसतं का, याची चौकशी तुम्ही चार ठिकाणी करता. भूल कोण देणार, हे मात्र कुणी विचारत नाही. सुई टोचली की माणूस झोपतो, त्यात काय एवढं, असा आपला समज.

प्रत्यक्षात पूर्ण भूल दिल्यावर रुग्णाचा श्वास, नाडी, रक्तदाब सगळं भूलतज्ज्ञाच्या हाती असतं. ऑपरेशन संपेपर्यंत त्याने उशाजवळून हलायचं नसतं. गळू कापताना तेवढीच जागा बधिर करणारी सुई सर्जनने दिली तर वावगं नाही. पण पूर्ण भूलही कापणाराच देणार असेल, तर त्या टेबलावर चढण्याआधी विचार करा.

दुसरी गोष्ट उपाशी राहण्याची. म्हातारीला चक्कर येईल म्हणून पहाटे गुपचूप चहा-बिस्कीट दिलं जातं. भुलेत घशाची राखण सुटते. पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेततं. साधारणपणे हलकं जेवण, दूध, दुधाचा चहा ६ तास आधी बंद. मटण-तळण खाल्लं असेल तर ८ तास. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर तेच पाळा. चुकून खाल्लंच असेल तर सांगून टाका. फार तर ऑपरेशन पुढे जाईल.

आता खास शेतकऱ्यांसाठी. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस अशा ऑरगॅनोफॉस्फरस औषधांचा अंश अंगात गेला की रक्तातलं एक द्रव्य कमी होतं. भुलेत स्नायू सैल करणाऱ्या सक्सामेथोनियम या इंजेक्शनचा असर तेच द्रव्य उतरवतं. ते कमी पडलं तर मिनिटांत उतरणारा असर काही तास टिकू शकतो आणि तोवर श्वास यंत्रावर चालवावा लागतो. महिना-दीड महिन्यात फवारणी केली असेल, अंगावर औषध सांडलं असेल, तर कुणी विचारण्याची वाट न पाहता सांगा.

दारू, तंबाखू, मिश्री, बीपी-साखरेच्या गोळ्या, झाडपाल्याचं औषध, हलणारा दात, हेही सांगा. दारूचं घरच्यांपुढे बोलवत नसेल तर भूलतज्ज्ञाला एकट्याने भेटा.

सरपंच, सदस्यांचंही यात काम आहे. ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे पण भूलतज्ज्ञ नाही, मग सिझेरियनची बाई रात्री १०८ मध्ये घालून जिल्ह्याला पाठवतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून खासगी भूलतज्ज्ञाला मानधन देऊन बोलावता येतं. तेव्हा रुग्ण कल्याण समितीत विचारा: आपल्याकडे कुणाला बोलावतात? रात्री फोन कोण करतो? भूलतज्ज्ञ नाही म्हणून सहा महिन्यांत किती बाया पुढे पाठवल्या? उत्तर तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या.