काढ्याला किती श्रेय द्यायचं?

पावसाळा सरता सरता घरात पहिली शिंक येते आणि पाठोपाठ भाजीवाल्याकडून गवती चहाची जुडी. आलं ठेचलं जातं, चार मिरी, तुळशीची पानं, गुळाचा खडा पडतो आणि पाणी निम्मं होईपर्यंत आटतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाक जरा मोकळं झालं, की घरातल्यांचा निकाल लागतो : काढा लागू पडला.

हा निकाल जरा घाईचा आहे. साधी सर्दी दोनशेहून अधिक विषाणूंपैकी कुठल्याही एकामुळे होते. तिचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि पुढे ती आपणहून उतरते. आपण पातेलं चढवतो ते जोर असतानाच. मग उताराचं श्रेय काढ्याच्या पदरात पडणारच. त्या दिवशी कुणी गोळी घेतली असेल तर तेच श्रेय गोळी लाटते, आणि डॉक्टरांच्या मागे लागून लिहून घेतलेलं अँटिबायोटिकही लाटतं, ज्याची विषाणूपुढे काही मात्रा चालत नाही.

मग काढा म्हणजे नुसती समजूत का? तसंही नाही. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात 2008 साली सर्दी झालेल्या तीस जणांवर एक छोटा प्रयोग झाला. फळांचं पेय कधी गरम, कधी साध्या तापमानाचं प्यायला दिलं आणि नाकातून हवा किती जाते ते यंत्राने मोजलं. गरम पेयाने हवेची वाट काही रुंदावली नाही. पण माणसं सांगत होती की वाहतं नाक, खोकला, घशाची खवखव, अंगातली कणकण, सगळ्यातच बरं वाटतंय. ज्याचं डोकं जड झालंय त्याला यंत्रावरच्या आकड्याशी काय देणंघेणं? त्याला रात्रीची झोप हवी असते.

याच हिशेबात आपले रस्से बसतात. कोकणात कुळथाची पिठी, घाटावर हुलग्याचं माडगं, मालवणाकडे कुर्ल्यांचं झणझणीत सार, कुठे कोंबडीचा पातळ रस्सा. नाक चोंदलं की वास जातो, आणि वासाबरोबर चवही जाते. वरणभात मातीसारखा लागतो. तिखटाचं तसं नसतं. मिरची आणि मिरी यांची खबर वासाच्या वाटेने जात नाही, ती झोंबण्याची संवेदना वेगळ्या मज्जातंतूंमार्फत पोचते. म्हणून सर्दीत जिभेला काही कळतं ते असल्या रश्शाचंच. नाक वाहतं, घाम येतो, दोन दिवस जेवण नको म्हणणारा माणूस वाटीभर भात खातो. पाणी, मीठ, थोडी प्रथिनं पोटात जातात. पिठीने सर्दी जात नसेल, पण सर्दीतला माणूस पिठीने उभा राहतो, आणि माझ्या मते एवढं पुरेसं आहे.

घरगुती उपायांत पुराव्याची सगळ्यात भक्कम बाजू मधाची. मुलांच्या रात्रीच्या खोकल्याला चमचाभर मधाने दोन-तीन रात्री आराम पडतो, असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. ब्रिटनमधल्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांतही 2018 पासून खोकल्यासाठी मध सुचवलेला आहे. आणि नेमका इथेच आपल्या जुन्या चालीचा पाय घसरतो. नवजात बाळाला मधाचं बोट चाटवायची पद्धत अजून घरोघर आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडू शकतं. आजी प्रेमाने चाटवत होती, यात शंका नाही. पण प्रेम हा काही डोस नव्हे. लहान मुलांना वाफ देण्याचंही असंच. वाफेने सर्दी लवकर बरी होते असा पुरावा नाही, उकळत्या पाण्याचं भांडं कलंडून पोरं भाजतात हे मात्र खरं आहे.

मग दुकानातली बाटली जास्त सुरक्षित म्हणावी, तर 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात काय झालं ते आपण पाहिलं. खोकल्याच्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलने वीसहून अधिक मुलांचा जीव घेतला. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते, म्हणजे ते दुःख आपल्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा नकोत. मोठ्यांच्या गोळ्यांची कथा कमी जीवघेणी, पण बोलकी आहे. नाक मोकळं करण्यासाठी बहुतेक गोळ्यांत फेनिलएफ्रिन असतं. ते तोंडावाटे घेतलं तर काम करत नाही, असा कौल अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने 2023 मध्ये एकमताने दिला. तेव्हा काढ्याकडे पुरावा मागणाऱ्याने तो गोळीकडेही मागावा.

इथपर्यंत पारडं स्वयंपाकघराकडे झुकतं. ते मागे येतं 2020 पाशी. त्या वर्षी कोविडच्या साथीत आयुष मंत्रालयाने काढ्याचं प्रमाण दिलं : तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. दिवसातून एक-दोनदा. लोकांनी प्रमाण बाजूला ठेवलं आणि ‘इम्युनिटी’ हा शब्द उचलला. सर्दी नसतानाही महिनोन्‌महिने काढा चालला, त्यात ज्येष्ठमध, गुळवेल, हाती लागेल ते पडलं. ज्येष्ठमध रोज आणि भरपूर घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. मधुमेही माणूस साखरेला हात लावत नव्हता आणि गूळ चालतो म्हणून दोन वेळा पीत होता. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मंत्रालयाने तो निष्कर्ष नाकारला; वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल असू शकेल, असं त्यांचं म्हणणं. समजा तेच खरं. तरी पुडी विकत घेणाऱ्याला आत कुठली वेल आहे ते कसं कळणार? हा बचाव गुळवेलीचा झाला, पिणाऱ्याचा नाही.

काढा चार दिवसांचा, चहाच्या कपाएवढा, तहान भागवणारा आणि घसा शेकणारा असतो तोवर तो अन्न आहे, आणि अन्नाला कुणी प्रमाणपत्र मागत नाही. तोच ‘प्रतिकारशक्ती’साठी वर्षभर रिकाम्या पोटी घ्यायचा ठरला, की तो औषध झाला. मग औषधाचे प्रश्न त्यालाही लागू : किती, किती दिवस, कुणाला नको, आणि दम लागला, छाती दुखली, ताप तीन दिवस हटला नाही तर पातेलं खाली उतरवून कुणाकडे जायचं. हे प्रश्न विचारणं म्हणजे परंपरेचा अपमान, असं मानणारे भेटतात. वैद्याने काढा दिला तरी मात्रा आणि पथ्य सांगितल्याशिवाय तो पुडी बांधत नाही, हे त्यांना ठाऊक नसावं.

दवाखान्यात नेहमी दिसणारा एक प्रसंग. डॉक्टर विचारतात, “आजोबा, दुसरं काही औषध चालू आहे?” आजोबा म्हणतात, “छे, काही नाही.” शेजारी बसलेली सून हळूच म्हणते, “तो सकाळचा काढा सांगा की.” आजोबा हात झटकतात : “ते काय औषध आहे होय?” मग डॉक्टर पेन खाली ठेवतात आणि विचारतात, “काय काय घालता त्यात?”