पाखरं उडून जातील की!

परवा मामांकडे जेवायला होतो. तांबडा-पांढरा झाला आणि विषय निघाला मालवणचा. (पावसाळा संपला की कोल्हापुरात दुसरा विषय असतो कुठे!) जानेवारी 2024 मध्ये नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार निवती रॉक्सजवळ समुद्रात बुडवून पर्यटकांना ती पाण्याखाली दाखवायची, अशी योजना. मामा खूश. मी पक्ष्यांचं नाव काढलं तर म्हणाले, "पाखरं काय, उडून जातील की दुसरीकडं!"

जेवताना वाद नको म्हणून गप्प बसलो. इथे बसणार नाही.

कुठे जातील, मामा? त्याच समुद्रात वेंगुर्ला रॉक्स आहेत. तिथल्या अंधाऱ्या गुहेत पाकोळी स्वतःच्या लाळेने कातळाला घरटं चिकटवते. तिचे पाय असे की फांदीवर बसताच येत नाही, उभ्या खडकालाच लटकायचं. म्हणजे किनाऱ्यावरच्या आंब्या-फणसांचा तिला उपयोग शून्य! ही घरटी परदेशात सूप करून खातात, म्हणून ती इथून चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने त्याविरुद्ध कित्येक वर्षं काम केलं. आणि सुरय पक्षी तर उघड्या खडकावरच अंडी घालतात, तेही पावसाळ्यात, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात तेव्हा. माणसाला ते आपल्यापेक्षा बरं ओळखतात म्हणायचं.

बुडवलेल्या बोटीला माझा विरोध नाही. तिच्यावर शेवाळ धरेल, मासळी येईल. भीती वरच्या गर्दीची आहे. एवढ्या लांब आलोय तर खडकावर उतरून एक फोटो काढू, असं म्हणणारे आपणच असतो, कोल्हापूरचेच!

मग अभयारण्य करा, असं कुणी म्हणेल. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं आहे, 29.12 चौरस किलोमीटरचं, आणि हे खडक त्यात नाहीतच. शिवाय त्याला विरोध करणारा मच्छीमार आपल्याला लगेच निसर्गाचा शत्रू वाटतो. त्याच्या जाळ्यावर बंधन, आणि आपल्या वॉटर स्पोर्ट्सना मोकळं रान? हा कुठला न्याय?

खडकांवर उतरायला पूर्ण बंदी, होड्यांना अंतराची हद्द आणि पहाऱ्यावर स्थानिक मच्छीमारच, पगार देऊन. एवढं आधी करा, मग तिकिटं विका.

असो. मामा, राग मानू नका. मालवणला येतोय मी, फोंडा घाटातूनच जाऊ. पण त्या फेरीचं माझं तिकीट काढू नका, तेवढ्यात एक सुरमई जास्त येईल.